मला चहा चालत नाही

शिपाई लाल पुठ्ठ्याची लांब वही घेऊन वर्गात आला की मी बाकाची कड धरायचे. आठवीत होते मी. सर वही उघडायचे आणि म्हणायचे, "बी.सी.वाले उभे राहा."

आम्ही सहाजण उभे राहायचो. बाकीचे पन्नास बसलेले. शिष्यवृत्तीचे फॉर्म, दाखले, सह्या, जे काय असेल ते सगळं उभ्यानं. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. मध्येच सरांना कुणी बोलवायला आलं तर ते निघून जायचे आणि आम्हाला बसा म्हणायचं विसरायचे. आम्ही आपले उभे. न सांगता बसायची छाती कुणाची नव्हती.

त्या दिवशी माझ्या फॉर्मवर सरांची नजर अडकली. जातीच्या रकान्यात माझ्या वडिलांनी 'बौद्ध' लिहिलं होतं. वडील गवंडीकाम करायचे. शिक्षण चौथी, पण अक्षर असं की बघत राहावं. सरांनी अक्षर बघितलं नाही.

"हे काय?"

"बौद्ध," मी म्हणाले.

"ते दिसतंय. आधीची कोणती ते सांग."

मी सांगितली.

"मोठ्यानं. मागं ऐकू गेलं पाहिजे."

मी परत सांगितली. सरांनी कानामागं हात धरला. तिसऱ्यांदा सांगायला गेले तर आवाजच फाटला. अर्धा शब्द बाहेर, अर्धा घशात. वर्ग हसला. पन्नास पोरं एकदम. माझ्या शेजारची, जी रोज माझी गणितं उतरवून घ्यायची, ती पण हसली. सर हसले नाहीत. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "फुकटचं घ्यायला लाज वाटत नाही. सांगायला वाटते."

मग लाल पेनानं वडिलांचं अक्षर खोडलं आणि वर आपल्या हातानं लिहिलं. मी खाली बसले. भूगोलाचा तास होता. त्या दिवशी वाऱ्यांचे प्रकार शिकवले.

आता कुणी विचारेल, एवढंच? मारलं नाही, हाकललं नाही, कुणी अंगावर धावून आलं नाही. एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस? मी पण स्वतःला हेच विचारत होते. पंधरा वर्षं विचारत होते. आणि त्या पंधरा वर्षांत माझं तोंड बंद होतं.

बंद म्हणजे कसं, ते सांगते. घरात मी बोलायचे. भावाशी भांडायचे, आईला उलट उत्तरं द्यायचे. पण उंबऱ्याबाहेर चार डोळे माझ्याकडं वळले की मानेमागं घाम सुटायचा. कान गरम व्हायचे. छातीत धडधड. आणि हात. हात थरथरायचे. ते सगळ्यात वाईट, कारण ते लोकांना दिसायचं. दुकानातून काडेपेटी आणायची असली तरी मी रस्ताभर वाक्य घोकत जायचे. दुकानात गर्दी दिसली की तशीच माघारी. आई विचारायची, काडेपेटी? मी म्हणायचे, त्यांच्याकडची संपलीय.

तोंडी परीक्षा आली की आदल्या दिवशी मला ताप भरायचा. खोटा नाही, हाताला लागणारा ताप. बारावी कशीबशी झाली. पुढं शिकणार नाही म्हणून घरी सांगितलं. म्हटलं, माझं डोकं चालत नाही. वडिलांनी ते खरं मानलं. डोकं चालत होतं. नवीन वर्गात, नव्या पोरांसमोर, नव्या वहीतल्या नावाला उभं राहायचं, ते मला होणार नव्हतं.

आमचं गाव नारायणगाव-जुन्नर रस्त्यावर एका फाट्यापासून आत. जायला-यायला वडापची जीप. जीपमध्ये उतरायचं असलं की ओरडून सांगावं लागतं, फाट्यावर थांबवा. पंधरा-सोळा माणसं कोंबलेली, ड्रायव्हरनं गाणी लावलेली. मला ते दोन शब्द ओरडता यायचे नाहीत. फाट्यावर उतरणारं दुसरं कुणी असलं तर माझं नशीब. नसलं तर फाटा डोळ्यांसमोरून निघून जायचा आणि मी तो बघत बसायचे. मग जुन्नरच्या स्टँडवर सगळ्यांबरोबर उतरायचं आणि चार किलोमीटर चालत माघारी यायचं. हे एकदा-दोनदा नाही, कितीतरी वेळा झालं. आई म्हणायची, हिच्या चपला एवढ्या लवकर कशा झिजतात कळत नाही.

आणि ही भीती फक्त वरच्या आळीतल्या लोकांची होती असं म्हणावं, तर तेही खोटं ठरेल. अवसरीकडचं एक स्थळ आलं होतं. आमच्याच समाजातलं, चांगली माणसं. मुलाच्या आत्यानं मायेनं नाव विचारलं. माझं नाव मला आठवत होतं, बाहेर येईना. हातातल्या ट्रेमध्ये पोह्यांच्या बशा अशा वाजायला लागल्या की शेवटी मुलानंच उठून ट्रे धरला. आठवड्यानं निरोप आला, मुलगी मुकी आहे काय म्हणून. आई आधी रडली, मग चिडली. तिथं काय मूग गिळले होते का, म्हणाली. काय सांगणार? ते लोक मला कमी लेखायला आले नव्हते. तरी मला ते सगळे सरांसारखे दिसले. याचा मला आजही राग येतो. ज्यांनी माझं काही वाकडं केलं नव्हतं त्यांच्यापुढंही मी तशीच उभी होते.

धडधड वाढली तेव्हा आईनं सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी ईसीजीची पट्टी काढली, नीट तपासलं, खुर्ची जवळ ओढून बोलले. म्हणाले, "तुम्हाला काही झालेलं नाही. हे मनाचं आहे. लोकांना तुमच्याकडं बघायला वेळ नसतो हो."

माणूस चांगला होता. आवाज चढवला नाही. पण माघारी येताना मला त्यांचा असा राग आला की सांगता सोय नाही. लोकांना वेळ नसतो? आमच्या सरांना होता. पूर्ण तासाचा वेळ होता. आणि त्याच वेळी हेही कळत होतं की डॉक्टर अगदीच खोटं बोलले नव्हते. जीपमधल्या माणसांना खरंच माझ्याशी देणंघेणं नव्हतं. मी ओरडले असते तर ड्रायव्हरनं ब्रेक मारला असता, संपलं. म्हणजे भीती माझ्या डोक्यात होती हे खरं, आणि ती कुणीतरी आणून ठेवली हेही खरं. दवाखान्यात यातली एकच बाजू सांगितली. ती ऐकून मी स्वतःलाच आणखी दोष देत बसले.

त्या सुमाराला नारायणगावच्या अलीकडं एका बागाईतदारानं द्राक्षाचं पॅकहाऊस काढलं. माल परदेशात जायचा. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत काम. मालकाला सगळे अण्णा म्हणत. बायकांवर देखरेख करायची ती अण्णांच्या थोरल्या भावाची बायको. तिला आम्ही सगळ्या वहिनी म्हणायचो. आमच्या वस्तीतल्या शांताकाकू तिथं लागल्या होत्या. त्यांच्या पाठोपाठ मी लागले.

ते काम मला आवडलं. खोटं कशाला बोलू, जीव लावून आवडलं. डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, हातात मोजे. अर्धा चेहरा झाकलेला. टेबलाच्या दोन्ही अंगांना तीस बायका, पण सगळ्यांचे डोळे घडावर. घड देठाला धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही, नाहीतर वरची पांढरी भुकटी पुसली जाते आणि माल जुना दिसतो. चिरलेला, बारका, डाग पडलेला मणी लांब टोकाच्या कात्रीनं काढायचा. माझा हात तिथं कधी थरथरला नाही. देठाशी लपलेला सडका मणी मला घड उचलतानाच कळायचा. दोन सीझनमध्ये मी सगळ्यांत जास्त पेट्या भरायला लागले आणि माझी पेटी कधी माघारी आली नाही.

अडचण चहाची होती.

साडेदहाला आणि चारला चहा. बायका ऑफिसच्या ओट्यावर बसायच्या. ट्रेमध्ये धरायला कान असलेले काचेचे ग्लास. वहिनी किटलीनं ओतायच्या आणि एकेकीला हातात द्यायच्या. पहिल्याच दिवशी माझी पाळी येईपर्यंत माझे हात थरथरायला लागले. ग्लास धरला असता तर अर्धा चहा सांडला असता, तीस बायकांनी बघितला असता. मी म्हणाले, "मला चहा चालत नाही. पित्त होतं." आणि उठून नळाजवळ करंजाच्या झाडाखाली जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीही तिथंच. मग तीच माझी जागा झाली. सहा सीझन मी त्या झाडाखाली बसले. चहाचा वास यायचा. मला चहा लई आवडतो.

सातव्या सीझनला आमची चेकर लग्न होऊन गेली. चेकर म्हणजे पेट्या बंद व्हायच्या आधी शेवटचं बघणारी. तिच्या हातात मण्याचं माप आणि साखर बघायचं यंत्र. माल बाहेर पाठवणाऱ्या कंपनीचे साहेब तपासायला आले की तीच त्यांच्याशी बोलणार. ती आत ऑफिसमध्ये टेबलाशी बसणार, साहेबांबरोबर चहा पिणार. मला ती जागा पाहिजे होती. एवढी पाहिजे होती की मी घरी आरशासमोर साहेबांना उत्तरं द्यायचे. अण्णांना जाऊन विचारायचं मात्र माझ्यानं झालं नसतं.

ते काम शांताकाकूंनी केलं. सकाळच्या चहाला अण्णा ओट्यावर आले आणि चेकर कुणाला करायचं म्हणाले, तेव्हा काकूंनी माझं नाव घेतलं. अण्णांनी वहिनींकडं बघितलं. मी झाडाखाली होते, पंधरा पावलांवर. वहिनी मला ऐकू जाईल अशाच बोलल्या. त्यात लपवण्यासारखं त्यांना काही वाटत नव्हतं.

"तिचं काम लई चांगलं हाय, कोण न्हाई म्हणतंय. पण आत बसायचं म्हंजी सायबांसंगट चहापाणी आलं. ती बिचारी आपणहून लांब बसती. सहा वर्सं झाली, मला येक दिस सांगावं लागलं न्हाई. मर्यादा कळती पोरीला. कशाला तिची पंचाईत करायची?"

बायकांनी माना डोलावल्या. कौतुकानं डोलावल्या. एकजण माझ्याकडं बघून हसली सुद्धा, शाबासकी दिल्यासारखी.

मला आधी समजलंच नाही. मर्यादा? कसली मर्यादा? मी चहा सांडेल म्हणून लांब बसत होते. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला, की मी जात ओळखून लांब बसते असं त्या धरून चालल्या होत्या. मी त्यावेळी काही बोलले नाही. हे पण लिहिलं पाहिजे. उठले, टोपी घातली, टेबलाशी जाऊन उभी राहिले. चेकरचं काम वहिनींच्या भाचीला मिळालं. तिला अजून कात्री नीट धरता येत नव्हती.

संध्याकाळी फाट्यावर उतरून मी आणि काकू गावाकडं चालत होतो. काकूंच्या पिशवीत फडक्यात गुंडाळलेला स्टीलचा ग्लास होता. तो मी सहा सीझन बघत होते. बघत होते म्हणजे डोळ्यांसमोर होता. विचार कधी केला नव्हता.

"काकू, तुमी गलास घरनं का आणता?"

"आपला आपला बरा."

"वहिनी काय बोलल्या व्हत्या का?"

"बोलाया कशाला लागतंय?" काकू म्हणाल्या. "पयल्या दिवशी त्यांनी दिला तवा प्याले, धुवून ठिवला. दुसऱ्या दिवशी त्यो गलास खिळ्याला येगळा टांगलेला. मंग म्या घरनं आणला. तू शानी निघालीस. तू घेतलाच न्हाईस. आमाला वाटायचं, पोरगी मानी हाय."

मी रस्त्यात थांबले. वहिनींना माझी मर्यादा वाटत होती. काकूंना माझा मान वाटत होता. आणि मी आपली माझ्या हातांकडं बघत बसले होते. दुसऱ्या कुणाच्या हातात कसला ग्लास आहे हे सहा वर्षांत मला दिसलं नव्हतं. या भीतीनं माझं तोंड बंद केलं तेवढं मला माहीत होतं. तिनं डोळे पण बंद केले होते, ते त्या दिवशी कळलं. सरांना निदान वही उघडायला लागायची, नाव घ्यायला लागायचं. वहिनींना एक शब्द खर्च करावा लागला नाही. त्यांचं काम मीच करत होते, रोज दोनदा, आणि वर पित्ताचं कारण पण मीच देत होते.

काकूंना मी खरं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं की माझे हात थरथरतात, लोकांसमोर मला बोलता येत नाही, म्हणून मी चहा घेत नाही. मला वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत. पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि म्हणाल्या, "सांडला तर सांडला. त्यांच्या घरचाच हाय."

दुसऱ्या दिवशी साडेदहाला बायका ओट्यावर बसल्या. मी झाडाकडं गेले नाही. ऑफिसच्या दारात गेले. आत अण्णा फोनवर होते. भाची खुर्चीवर. वहिनी आतले कप भरत होत्या. आतले कप वेगळे, चिनी मातीचे, निळ्या काठाचे. बारा होते. एरवी कपाटात असायचे.

मी एक कप उचलला. बशीसकट.

बशी वाजायला लागली. चहा बशीत उतरला, बशीतून टेबलावर, टेबलावरून माझ्या पायावर. पोळलं. मी कप खाली ठेवला नाही. दोन्ही हातांनी धरला आणि प्यायले. दात कपाला लागत होते.

"अगं, तुला पित्त व्हतं ना?" वहिनी म्हणाल्या.

"न्हाई होत. कधीच होत नव्हतं."

अण्णांनी फोन ठेवला. मी त्यांच्याकडं बघितलं नाही, बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून म्हणाले, "अण्णा, चेकरचं काम मी करणार."

मी तसं बोलले याचं मलाच नवल वाटलं. करू का, असं विचारायला गेले होते. अण्णा काही समाजसुधारक नव्हते. त्यांच्या डोळ्यांसमोर माल होता. आदल्याच दिवशी भाचीनं बघितलेल्या पेट्यांतल्या कितीतरी साहेबांनी उघडून परत केल्या होत्या. ते म्हणाले, सायबापुढं तोंड उघडता येईल का तुला? मग कोपऱ्यातली एक परत आलेली पेटी माझ्यापुढं सरकवली. मी ती उघडली. कप डाव्या हातात तसाच. सडका मणी कुठल्या घडात आहे, बुरशी धरू नये म्हणून घडांवर घालतात ते पॅड उलटं लागलंय, घड ओले असताना भरलेत, सगळं सांगितलं. दोनदा अडकले. पण सांगून झालं. अण्णा म्हणाले, उद्यापासून बघ.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी आत चहाला बसले तर माझा कालचा कप खिडकीत ठेवलेला. फिनेलच्या बाटलीशेजारी. वहिनींनी तोच धुवून भरला आणि माझ्यापुढं सरकवला. घे, म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर आठी नव्हती, आवाज गोड होता. काकूंनी हेच बघितलं होतं आणि घरून ग्लास आणला होता. मी पण क्षणभर तेच म्हणणार होते की असू दे, चहा तर मिळतोय. हात कपाकडं गेलाही होता.

मग मी तो राहू दिला आणि ट्रेमधला दुसरा उचलला.

"तुझा हाय की इथं," वहिनी म्हणाल्या.

"मला हा पाहिजे."

त्या दिवशी खिडकीत दोन कप झाले. तिसऱ्या दिवशी मी तिसरा घेतला. चारला पेट्यांची घाई असायची, म्हणून मी सकाळचाच चहा घ्यायचे. वहिनींना थांबता येईना आणि मला थांबायचं नव्हतं. रोज बशी वाजायची. भाची खाली मान घालून बसायची. अण्णांना यातलं काही दिसत होतं की दिसूनही न दिसल्यासारखं करत होते, देव जाणे. शेवटी शेवटी वहिनी आणि भाची बाहेरच्या ग्लासात प्यायला लागल्या. बाराव्या दिवशी कपाट रिकामं झालं.

नेमके त्याच दिवशी कंपनीचे साहेब आले. अण्णांनी वहिनींना चहा टाकायला सांगितलं. चहा झाला. कपाट उघडलं. अण्णा म्हणाले, "वहिनी, कप कुठं गेले?"

सगळ्यांनी खिडकीकडं बघितलं. बारा कप ओळीनं. वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. त्यांची मान लाल झाली. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, साहेबांकडं बघत होत्या. बाहेरचा माणूस काय म्हणेल? मला ते बघणं ओळखीचं होतं. पहिल्यांदा मी ते दुसऱ्याच्या तोंडावर बघत होते. खरं सांगते, मला दया आली नाही.

"वहिनी," मी म्हणाले, "सांगा की सायबांना. कप तिकडं का ठिवलेत?"

आवाज मध्येच फाटला. मी घसा साफ केला आणि तेच वाक्य परत पहिल्यापासून म्हटलं.

"धुवाया ठिवलेत," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी ते बाराही कप स्वतः धुतले. साहेबांनी चहा घेतला, अण्णांनी घेतला, मी घेतला. कुठला कप कुणाचा, ते आता कुणालाच सांगता आलं नसतं. वहिनींनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

पुढच्या आठवड्यात प्लास्टिकचे कप आले. आत सगळ्यांना प्लास्टिक. प्यायचं आणि टोपलीत टाकायचं. कारण कुणी सांगितलं नाही. आई म्हणाली, बघ, जिंकलीस शेवटी. मी आईवर ओरडले. काय जिंकले? माझे ओठ लागलेला कप नको म्हणून एक घर रोज ढीगभर कप फेकून द्यायला तयार आहे, हे जिंकणं झालं का? मी हाताळलेली द्राक्षं कुठल्या कुठल्या देशांत माणसं तोंडात टाकतात. इथं आठ-दहा किलोमीटरवरच्या बाईला माझी किळस येते.

आणि भीती गेलीय का? नाही. आजही साहेबांची गाडी फाटकातून आत आली की माझ्या मानेमागं घाम सुटतो. ती जाईल म्हणून मी आता थांबत नाही. जायची वाट बघत बसले तेवढ्यात सहा सीझन गेले. आता ती माझ्याबरोबर येते, टेबलाशी बसते, बसू दे.

बाहेर ओट्यावर अजून काचेचे ग्लास आहेत. शांताकाकू अजून पिशवीत ग्लास घेऊन येतात. मी आत बसते आणि त्या बाहेर घरचा ग्लास काढतात, हे आता मला बघवत नाही. म्हणून काल मी त्यांच्या घरी गेले. सांगितलं की उद्या ग्लास आणू नका. उद्या चहाला मी आत बसणार नाही, ओट्यावर तुमच्या शेजारी बसणार. ट्रेमधला पहिला ग्लास मी उचलणार आणि तुमच्या हातात देणार. दुसऱ्या दिवशी तो खिळ्याला दिसला तर खाली काढून ट्रेमध्ये ठेवणार. परत टांगला तर परत काढणार. आणि का काढते, ते तीस बायकांसमोर सांगणार. त्या वेळी माझे हात थरथरतील, आवाज फाटेल. बघायचं त्यांनी बघावं, हसायचं त्यांनी हसावं.

काकू चुलीपुढं बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "आन् काम गेलं मंजी?"

"माझं आधी जाईल," मी म्हणाले. "पण उद्या ग्लास आणायचा न्हाई."